किराण्याचे कोडे आणि सातबारा



ऊसबिलाचा हप्ता हाती पडेपर्यंत घरात पैसा मोजकाच असतो. त्यात ज्वारी किती घ्यायची आणि डाळ किती, हे कोडे मंगळवेढ्याच्या बाजारात आपण सगळेच सोडवतो, पण अंदाजाने. कोडे जुने आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त असाच एक हिशेब आहे. तो आज सोडवू या.

एक वाटसरू वाण्याकडे येतो. भाव असा, की एका द्रम्माला तांदूळ साडेतीन मापे आणि मूग आठ मापे. वाटसरूजवळ १३ काकिणी आहेत. एका द्रम्माच्या ६४ काकिणी होतात. त्याला तांदूळ दोन भाग व मूग एक भाग हवा. शिवाय घाई, कारण सोबतची मंडळी पुढे निघाली आहेत. वाण्याने काय किती द्यावे?

अटी तीन : भाव, प्रमाण आणि पैसा. एकही मोडायची नाही.

आता डोकं असं लावायचं. पैसा क्षणभर बाजूला ठेवा. प्रमाण सांभाळून भागाकाराला सोपा पडेल असा आकडा धरा. तांदूळ ५६ मापे, मूग २८ मापे. तांदळाचे झाले १६ द्रम्म, मुगाचे साडेतीन. एकूण साडेएकोणीस द्रम्म, म्हणजे १२४८ काकिणी. त्याला १३ ने भागले की येतात ९६. म्हणजे धरलेल्या मालाचा ९६ वा हिस्सा त्याला परवडतो. ५६ ला ९६ ने भागा. तांदूळ आला मापाचा सात-बारांश. सातबारा म्हटल्यावर आपण कसे विसरू! मूग त्याच्या निम्मा.

ताळा करू. तांदळाचे दहा पूर्णांक दोन तृतीयांश काकिणी, मुगाचे दोन पूर्णांक एक तृतीयांश. बेरीज १३. जमलं!

आता आपले कोडे. भाव फक्त कोड्यापुरते आहेत. मालदांडी ज्वारी ५० रुपये किलो, हरभऱ्याची डाळ ९० रुपये. खिशात ८७० रुपये. ज्वारी चार भाग, डाळ एक भाग पाहिजे. चार किलो ज्वारी व एक किलो डाळ यांचे होतात २९० रुपये. ८७० मध्ये असे तीन वाटे बसतात. म्हणून ज्वारी १२ किलो, डाळ ३ किलो. अंदाजाने आधीच १५ किलो ज्वारी घेतली असती, तर डाळीला १२० रुपयेच उरले असते. डाळ आली असती जेमतेम एक पूर्णांक एक तृतीयांश किलो, आणि पोरांच्या ताटातली आमटी पातळ झाली असती.

ऊसबिलालाही हीच रीत लावावी. वजन गुणिले दर, त्यातून कपाती वजा, उरेल ती हातची रक्कम. यातले कोणतेही तीन आकडे माहीत असले, की चौथा आपोआप सापडतो. तेव्हा सही करण्याआधी एकदा ताळा करावा, आणि शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींनाही हिशेबाला शेजारी बसवावे, ही विनंती.