नळीतली हवा

आपली हुपरी म्हणजे चांदीचं गाव. अनेक घरांत पैंजणांचं काम चालतं. पूर्वी कारागीर झाळकाम करताना फुंकणीने हवा फुंकून ज्योत नेमकी जोडावर आणीत. आता त्यासाठी गॅसची ज्योत वापरतात. नळीतून जशी हवा जाते, तशी हवेच्या जोरावर लहान वस्तूही जाते. कशी, ते पाहू.

प्रयोग

साहित्य : सायकलचा पंप, गवंडी लेव्हलसाठी वापरतात तसली पारदर्शक नळी (हातभर), कागदाचा बोळा, फडकं.

कृती : नळीच्या एका टोकात बोळा सरकवा. पंपाचं तोंड त्याच टोकाला लावून भोवती फडकं गच्च धरा. दुसरं टोक भिंतीकडे करा, कोणाच्या तोंडाकडे नको. आता पंप मारा.

काय झालं? बोळा सुळकन पलीकडे गेला! बोळा फार सैल असेल तर हवा बाजूने निसटते; फार घट्ट असेल तर तो अडकतो.

कारण : हवा सगळीकडून दाबत असते. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर हा दाब सुमारे १ किलो वजनाइतका असतो. दोन्ही बाजूंचा दाब सारखा असला की बोळा हलत नाही. पंपाने मागचा दाब वाढला, म्हणून तो पुढे गेला. आता समजा, पुढची हवा काढून घेतली. तरीही बोळा पुढेच जाईल, कारण पुढचा दाब कमी झाला आणि मागची हवा त्याला ढकलू लागली. आपण म्हणतो "ओढला", पण हवा ढकलते!

उपयोग

लंडनमध्ये १८५३ साली लॅटिमर क्लार्क यांनी सुमारे २०० मीटर लांबीची नळी बसवून तारेचे कागद असेच पाठवले. पॅरिसमध्ये १८६६ पासून १९८४ पर्यंत नळ्यांतून टपाल जाई. आजही मोठ्या इस्पितळांत रक्ताचे नमुने नळीतून प्रयोगशाळेत पोचतात.

आपल्या अंगातली नळी

आपली श्वासनळीही नळीच आहे. आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुगते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत शिरते. अशा वेळी तोंडात घुंगरू किंवा मणी असेल तर? तोही हवेबरोबर आत जाईल! गिळताना श्वासनळीवर झाकण पडतं, पण श्वास घेताना, हसताना ते उघडं असतं. आत गेलेली वस्तू बहुधा उजव्या फुप्फुसाकडे जाते, कारण तिकडची वाट जास्त रुंद आणि सरळ असते.

लक्षात ठेवा

१. घुंगरू, मणी, चांदीची कडी तोंडात धरू नका. नळीत वस्तू घालून तोंडाने ओढू नका.
२. रांगणाऱ्या भावंडाजवळ कामाचं ताट ठेवू नका.
३. ठसका लागला आणि खोकता येत असेल तर खोकू द्या. तोंडात अंदाजाने बोट घालू नका. केळं खायला देऊ नका. ते अन्ननळीत जातं, श्वासनळीत नाही.
४. खोकता-बोलता येत नसेल तर वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरदार थापा द्या आणि १०८ ला फोन करा.
५. ठसका थांबला तरी डॉक्टरांना दाखवाच. वस्तू आत राहिलेली असू शकते.

पालकांनो, एवढं वाचलंत, आता घरी जाऊन कामाची जागा एकदा बघाल ना?

— विज्ञान कोपरा, इयत्ता सातवी