नायगावहून चीनला एम. ए.: पैसे किती लागतात आणि कोणत्या महिन्यात

नायगाव तालुक्यात शेतकऱ्याच्या घरी पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे. आधी सोयाबीनचा, मग कापसाचा. विद्यापीठं मात्र पैसे मागतात जून ते सप्टेंबरात, बियाणं, खत आणि फवारणीत घर रिकामं झालेलं असताना. राज्यशास्त्रात बी. ए. करून आंतरराष्ट्रीय राजकारण शिकायचं म्हणणाऱ्या मुलामुलींची वाट पुष्कळदा इथेच अडते. एकूण रक्कम झेपण्यासारखी असते, पण ती नको त्या महिन्यात अंगावर येते. म्हणून खाली जिथे रक्कम आहे तिथे महिनाही दिला आहे. चीनच्या रकमांसाठी एक युआन म्हणजे सुमारे १२ रुपये धरलं आहे. स्वतःचा हिशेब मांडताना त्या दिवसाचा दर बघा.

आधी जवळचं. नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, १९९४ पासूनचं. तिथल्या राज्यशास्त्राच्या एम. ए.ची फी काही हजारांत बसते. खरा खर्च राहण्याजेवणाचा. शहरात श्यामनगर, बाबानगर भागात नीटच्या क्लासेसमुळे खोल्यांची भाडी चढलेली असतात. तिथे कॉट घेण्यापेक्षा विद्यापीठाचं वसतिगृह किंवा विष्णुपुरीच्या बाजूची खोली बघावी. खोली, मेस आणि पुस्तकं धरून वर्षाला ५० ते ६० हजारांची तयारी ठेवा. नायगावहून जाऊन-येऊन करायचं तर अंतर ५० किलोमीटरच्या आसपास आहे. एसटीच्या विद्यार्थी पासला दोन तृतीयांश सवलत मिळते आणि मुलींना एरवीही अर्धं तिकीट आहे. पण रोजचे तीन तास रस्त्यात गेले तर वाचन कधी होणार, हाही हिशेब घालावा. आणि आंतरराष्ट्रीय राजकारण हा विषय आपल्या भागाला परका नाही. १९४८ च्या ऑगस्टमध्ये निजामाने हैदराबाद संस्थानाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेला होता. त्या प्रश्नात नांदेडही होतं आणि नायगावही.

दुसरी वाट दिल्लीची. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातलं 'स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज' हे या विषयाचं देशातलं मोठं ठिकाण. त्याची मूळ संस्था १९५५ ची. शिकवणी फी इतकी कमी की ती खर्चात धरायचीही गरज नाही. वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाला साधारण ६० ते ७० हजार लागतील. प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतो. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाला दोन पेपरांपर्यंत १४०० रुपये फी होती, राखीव प्रवर्गांना कमी. अर्ज हिवाळ्यात भरायचे असतात, म्हणजे घरात पैसा असताना. दिल्लीला जायला नांदेडहून थेट सचखंड एक्सप्रेस आहे. चीन शिकायचा म्हणजे चीनलाच गेलं पाहिजे असं नाही. नेहरू विद्यापीठात पूर्व आशियाच्या अभ्यासाचं वेगळं केंद्र आहे, चिनी भाषाही शिकवतात. ज्यांना घरापासून फार लांब जाणं शक्य नाही त्यांनी ही वाट कमी लेखू नये.

तरीही चीनला जाऊन शिकण्याला तोड नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ते नाव आजही चीनमध्ये ओळखलं जातं. आपल्या काळात विजय गोखले बीजिंगमध्ये भारताचे राजदूत होते, पुढे २०१८ ते २०२० परराष्ट्र सचिव झाले. करोनानंतर भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसा पुन्हा मिळू लागला तो ऑगस्ट २०२२ पासून आणि थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. दार उघडलंय. आपल्याकडून चीनला जाणारी मुलं बहुतेक डॉक्टरकीसाठी जातात. तिथलं राजकारण तिथल्या वर्गात बसून शिकलेली माणसं आपल्याला फार हवी आहेत.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो: शिष्यवृत्तीशिवाय जाऊ नका. बऱ्याच प्रांतिक विद्यापीठांत इंग्रजी माध्यमातल्या अशा एम. ए.ची फी वर्षाला साधारण २० ते ४० हजार युआन असते. राहण्याखाण्याला महिना ३ हजार युआन धरले तर वर्षाचे सात ते नऊ लाख रुपये होतात, दोन वर्षांचे चौदा ते अठरा लाख. बीजिंग-शांघायच्या नामांकित विद्यापीठांत आणखी जास्त. एवढं कर्ज काढून राज्यशास्त्राची पदवी घ्यावी आणि मग नोकरीची वाट बघावी, हे मी कुणालाही सुचवणार नाही. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते आणि आपल्याकडे तारण म्हणजे शेत किंवा घर.

शिष्यवृत्ती मिळाली की चित्र पालटतं. चीन सरकारच्या पूर्ण शिष्यवृत्तीत एम. ए.च्या विद्यार्थ्याला फी माफ, वसतिगृह मोफत, आरोग्य विमा आणि हातखर्चाला महिना ३ हजार युआन, म्हणजे सुमारे ३६ हजार रुपये मिळतात. वसतिगृह नसेल तर भाड्यापोटी महिना ७०० युआन. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये १० ते २० युआनात जेवण होतं, तेव्हा जपून राहिलं तर घरून पैसे मागवावे लागत नाहीत. वय ३५ च्या आत हवं. अर्ज बहुतेक ठिकाणी जानेवारी ते मार्च-एप्रिलपर्यंत घेतात, निकाल जून-जुलैत आणि वर्ग सप्टेंबरात. त्सिंगह्वा विद्यापीठाची श्वार्झमन आणि पेकिंग विद्यापीठाची येनचिंग या पूर्ण खर्चाच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या. दोन्हींना चुरस जगभरातून असते, पण अर्ज करायला काहीच हरकत नाही.

आपल्याकडच्या योजनाही बघा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागांची. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. इतर मागासवर्गासाठी राज्याची वेगळी योजना आणि मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची. या योजनांत विद्यापीठाचा क्यूएस या जागतिक क्रमवारीतला क्रमांक पाहतात. पेकिंग आणि त्सिंगह्वा अलीकडे पहिल्या पंचविसांत आहेत. केंद्राच्या योजनेत २०२२ पासून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास हे विषय चालत नाहीत. तेव्हा अभ्यासाचा आराखडा लिहिताना रोख चीनवर ठेवा. बहुतेक वेळा जाहिरात निघते आणि मुदत लगेच संपते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, रहिवासी दाखला हे सेतू केंद्रातून आणि तहसीलमधून, तर जात वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात पडताळणी समितीकडून आधीच काढून ठेवा. वैधतेला सर्वांत जास्त वेळ जातो. ज्याच्याकडे ती नाही त्याने बी. ए.च्या दुसऱ्या वर्षालाच अर्ज टाकावा.

आता शिष्यवृत्ती मिळाली तरी खिशातून जाणारे पैसे. हे कुणी आधी सांगत नाही आणि इथेच पोरं अडकतात.

हिवाळ्यातला खर्च आधी. पासपोर्ट १५०० रुपये. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत अर्ज करा. पोलीस पडताळणीला माणूस घरी येईल तेव्हा कागदावरचा पत्ता आणि राहता पत्ता एकच हवा. चारित्र्याचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट कार्यालयातून ५०० रुपयांत मिळतो. विद्यापीठाची अर्ज फी एका ठिकाणी साधारण ४०० ते ८०० युआन. दोन ठिकाणी केला तर १४-१५ हजार रुपये धरा. वैद्यकीय तपासणीच्या चिनी नमुन्यात रक्ताच्या चाचण्या, छातीचा एक्स-रे, ईसीजी असं सगळं येतं. नांदेडला तीन ते पाच हजारांत होतं. फॉर्मवरच्या फोटोवर रुग्णालयाचा शिक्का अर्धा यायला हवा. नाही तर फॉर्म परत येतो.

इंग्रजीचं सांगायला हवं, कारण आपल्याकडे बी. ए. बहुधा मराठी माध्यमातून होते. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना पुष्कळ विद्यापीठं कॉलेजच्या पत्रावर सूट देतात. ते पत्र मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला मिळत नाही आणि खोटं घेऊ नये. त्याला इंग्रजीची आयईएल्टीएस परीक्षा द्यावी लागते आणि तिची फी आता १८ हजार रुपयांच्या घरात आहे. हा या यादीतला तिकिटाखालोखालचा मोठा खर्च. म्हणून आधी महिनाभर घरी सराव परीक्षा सोडवा, गुण बसतायत असं दिसलं तरच पैसे भरा. शिफारसपत्रं दोन लागतात, सहयोगी प्राध्यापक किंवा त्याहून वरच्या हुद्द्याच्या शिक्षकांची. आपल्या सरांना-मॅडमना डिसेंबरातच भेटा. विषय मनापासून सांगितला तर सर-मॅडम वेळ काढतात. याला पैसा लागत नाही, पण निवड बरीचशी याच पत्रांवर आणि अभ्यास-आराखड्यावर ठरते.

दलालांपासून लांब राहा. लातूर-नांदेडमध्ये चीनच्या एमबीबीएसचे प्रवेश करून देणारे पुष्कळ आहेत आणि तेच आता इतर अभ्यासक्रमांसाठीही पैसे मागतात. चीन सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः ऑनलाइन भरता येतो आणि त्या अर्जाला फी नाही. 'सीट पक्की करतो' म्हणून कुणी लाखभर मागितले तर समजा की तो पैसा तुमच्या प्रवेशावर खर्च होणार नाही.

निवड झाली की उन्हाळा-पावसाळ्यातला खर्च. विद्यापीठाकडून प्रवेशपत्र आणि व्हिसाचा फॉर्म येतो. चीन सरकारची शिष्यवृत्ती असेल तर जेडब्ल्यू २०१, स्वखर्चाने जाणाऱ्याला २०२. १८० दिवसांहून जास्त राहायचं असल्याने व्हिसा एक्स-१ प्रकारचा. व्हिसा फी, व्हिसा केंद्राचा आकार, कागदांचं साक्षांकन आणि कुरियर मिळून दहा हजारांची तयारी ठेवा. एकेरी तिकीट साधारण १५ ते ३० हजार. ते शिष्यवृत्तीत सहसा धरलेलं नसतं. पोहोचल्यावर २४ तासांत पोलिसांकडे नोंद होते (वसतिगृहात राहिलात तर ते काम विद्यापीठ करून देतं) आणि ३० दिवसांत निवास परवाना काढावा लागतो. त्याची फी एका वर्षाहून कमी मुदतीसाठी ४०० युआन, एक वर्ष ते तीन वर्षांच्या आतल्या मुदतीसाठी ८००.

हातखर्चाचा पहिला हप्ता उशिरा पडतो, कारण आधी नोंदणी, मग बँक खातं. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत नोंदणी झाली तर त्या महिन्याचे पूर्ण पैसे मिळतात, नंतर झाली तर निम्मे. म्हणजे चार दिवस उशिरा गेल्याने १८ हजार रुपये बुडू शकतात. सोबत किमान ४ हजार युआन असू द्या. बीजिंगच्या थंडीचा जाड कोट मात्र इथून नेऊ नका. तिथे स्वस्त आणि चांगला मिळतो. खोल्या गरम ठेवण्याची व्यवस्था बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च चालते.

हे सगळं धरलं तर पूर्ण शिष्यवृत्ती असूनही सव्वा ते दीड लाख रुपये लागतात. त्यातले चाळीस हजारांच्या आसपास हिवाळ्यात आणि उरलेले जुलै-ऑगस्टात. दुसरा हप्ता नेमका पेरणीनंतर येतो. त्यासाठी सोयाबीनच्या पट्टीतून दिवाळीतच वेगळे काढून मुदतठेवीत टाका. सावकाराकडे जायची वेळ येऊ देऊ नका. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत. कमी पडलं तर तेवढंच घ्या.

घरच्यांशी बोलण्याचं जाण्याआधीच ठरवा. चीनमध्ये व्हॉट्सअॅप चालत नाही आणि भारतात वीचॅटवर जून २०२० पासून बंदी आहे. भारतीय सिमवर रोमिंग घेतलं तर व्हॉट्सअॅप लागतं, पण ते रोज परवडणारं नाही. मायक्रोसॉफ्ट टीम्स दोन्हीकडे चालतं. जाण्यापूर्वी आईच्या फोनमध्ये ते टाकून, दोन-चार वेळा कॉल लावून तिचा हात बसवून द्या.

परत आल्यावर सेट, नेट किंवा प्राध्यापकीसाठी पदवीची समकक्षता लागते. एप्रिल २०२५ मध्ये त्याचे नवे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) केले आहेत. अर्ज करण्याआधीच बघून घ्या की अभ्यासक्रम पूर्णवेळ आणि प्रत्यक्ष वर्गातला आहे. ऑनलाइन पदवीच्या भानगडीत पडू नका.

आणि नांदेडचा अर्ज सोडू नका. चीनचा निकाल लागेपर्यंत इथले प्रवेश सुरू झालेले असतात. विष्णुपुरीत प्रवेश घ्या, टीसी आणि मायग्रेशनच्या साक्षांकित प्रती जवळ ठेवा. २०२४-२५ साठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण फी परत द्यायला सांगितलं होतं. यंदाची तारीख प्रवेशाच्या दिवशीच खिडकीवर विचारून पावतीच्या मागे लिहून ठेवा.