लांब पल्ल्याचा विमानप्रवास : 'बिझनेस' वर्गाची पारख

गेल्या काही वर्षांत आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी व्यापारानिमित्त परदेशी जाणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. पूर्वी मसूर, वाटाणा, हरभरा यांचा परदेशी माल मुंबईच्या आयातदाराकडून घेऊन आपण स्वस्थ बसत असू. आता आपल्या रविवार पेठेतील दुकानदारही कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील माल पाठविणाऱ्यांशी समोरासमोर बोलणी करू लागले आहेत. कोणी कच्च्या काजूसाठी आफ्रिकेत जातो, कोणी दालमिलच्या यंत्रांसाठी जर्मनीस जातो. अशा वेळी 'बिझनेस क्लास'चे तिकीट काढावे की नाही, आणि काढावयाचे तर कोणते, असा प्रश्न सभासद बंधू मजकडे अनेकदा करतात. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही व विमानविद्येतील जाणकारही नाही. परंतु चाळीस वर्षे वानगी पाहून माल घेण्याची सवय असल्यामुळे हाही माल त्याच रीतीने पारखता येतो, असे त्यास वाटते.

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की, 'बिझनेस' हे केवळ पोत्यावरील मार्क्याचे नाव आहे. आतील माल वेळोवेळी बदलत आला आहे. अटलांटिक महासागरावरील विमानांत १९५८ साली स्वस्त 'इकॉनॉमी' वर्ग सुरू झाला. पुढे पूर्ण भाडे भरणाऱ्या व्यापाऱ्यांना सवलतीच्या उतारूंपासून वेगळे बसवावे, या विचारातून १९७०च्या दशकाच्या अखेरीस मधला वर्ग निघाला. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने १९७९ साली त्यास 'बिझनेस क्लास' हे नाव दिले. त्या वेळी त्यात रुंद खुर्चीपलीकडे फारसे काही नव्हते. खुर्ची पूर्ण सपाट होऊन तिचा बिछाना होण्याची सोय या वर्गात ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणली. कतार एअरवेजने २०१७ साली प्रत्येक आसनास सरकते दार बसविले. म्हणजे नाव एकच राहिले आणि माल तीन वेळा पालटला. शिवाय जुना माल बाजारातून एकदम नाहीसा होत नाही. आजही एकाच भाड्यात कोणास दार असलेली खोली मिळते, तर कोणास घसरती खुर्ची.

एका तिकीट काढून देणाऱ्या गृहस्थांनी मला आग्रहाने सांगितले, "शेठजी, बिझनेस म्हणजे बिझनेसच!" मी त्यांस म्हटले, "अहो, मसूर म्हणजे मसूरच, असे मी तुम्हांस सांगितले, तर तुम्ही न पाहता माझे पोते उचलाल काय?"

तेव्हा पोते उघडून पाहावे. त्यात पहिली गोष्ट अशी की, आसन किती अंशांनी मागे पडते? मागे कलणारी खुर्ची, उतरता बिछाना व सपाट बिछाना असे तीन प्रकार आहेत. उतरता बिछाना चित्रात सपाटच दिसतो. परंतु तो जमिनीशी तिरका असतो आणि झोप लागली की माणूस हळूहळू पायांकडे घसरतो. ज्याला आठ-दहा तासांचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी सौदा करावयाचा आहे, त्याने पूर्ण सपाट बिछान्याखेरीज दुसऱ्या कशासाठीही बिझनेस वर्गाचे भाडे देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट आसनांच्या मांडणीची. ही मांडणी अंकांत सांगतात : एक-दोन-एक, दोन-दोन-दोन, दोन-तीन-दोन. पहिल्या प्रकारात प्रत्येक उतारूस वाटेवर थेट पाऊल ठेवता येते. दोन-तीन-दोन मध्ये सात जणांच्या ओळीत एक जण बरोबर मध्ये अडकतो, आणि खिडकीशी बसलेल्यासही रात्री उठावयाचे झाल्यास शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. साठी उलटलेल्या माणसास रात्री दोनदा तरी उठावे लागते. तरुण वाचकांना याचे महत्त्व आज पटणार नाही, पुढे पटेल. आमच्या बाजारातील एका व्यापाऱ्याने इकॉनॉमीच्या जवळजवळ चौपट भाडे देऊन असे मधले आसन पदरात घेतले होते. दोन्ही बाजूंस अनोळखी गृहस्थ गाढ झोपलेले, आणि मध्ये हे रात्रभर पाणी पिण्याचे टाळत बसलेले.

ही मांडणी कंपनीवर नव्हे, तर विमानावर अवलंबून असते. एअर इंडियाने जानेवारी २०२४ मध्ये एअरबस ए-३५० विमान सेवेत आणले, त्यात एक-दोन-एक मांडणी व दाराची सोय आहे. त्याच कंपनीच्या जुन्या बोइंग ७७७ विमानांत दोन-तीन-दोन अशी मांडणी होती. एमिरेट्सच्या दुमजली ए-३८० मध्ये एक-दोन-एक आहे. पण तिच्या ७७७ विमानांत बरीच वर्षे दोन-तीन-दोन होती व ती टप्प्याटप्प्याने बदलण्यात येत आहे. म्हणून कंपनीचे नाव विचारून थांबू नये. त्या तारखेस, त्या फेरीस कोणते विमान लावले आहे, हे विचारावे व आसनांचा नकाशा डोळ्यांनी पाहावा. तिकिटावर एका कंपनीचा क्रमांक आणि प्रत्यक्षात विमान दुसऱ्याच कंपनीचे, असाही प्रकार सर्रास चालतो. तिकिटात 'ऑपरेटेड बाय' या शब्दांपुढे जे नाव असेल, तेच खरे समजावे. आणि प्रवासाच्या तीन-चार दिवस आधी नकाशा पुन्हा पाहावा, कारण विमान आयत्या वेळी बदलले जाते व आपले आसन न विचारता हलविले जाते.

एक-दोन-एक मध्येही सर्व आसने सारखी नसतात. पुष्कळ विमानांत आपले पाय पुढील आसनाच्या बाजूस असलेल्या कोनाड्यात जातात, आणि हा कोनाडा कधी इतका अरुंद असतो की कूस बदलताना गुडघा आपटतो. सर्वांत पुढच्या, भिंतीलगतच्या ओळीत तो बहुधा ऐसपैस असतो. मात्र तान्ह्या मुलांचे पाळणे लावण्याची जागाही बहुधा तीच असते, हे विसरू नये. स्वयंपाकघर व शौचकूप यांच्या लगतच्या ओळी रात्रभर उजेडात व आवाजात असतात. एकट्याने प्रवास करणाऱ्याने खिडकीकडील आसन घ्यावे. त्यातही काही विमानांत एका ओळीचे आसन खिडकीस चिकटून व पुढच्या ओळीचे वाटेस चिकटून असते. खिडकीस चिकटलेले तेच घ्यावे.

आता हिशेब. या वर्गात आपण वस्तुतः काय विकत घेतो? विश्रामगृहातील पदार्थ, सुगंधी द्रव्यांची पिशवी, आणि ज्याची किंमत भाड्यात भरूनही आपल्यापैकी बहुतेकजण ज्यास शिवत नाहीत असे उंची मद्य, हे सर्व बाजूस ठेवावे. आपण विकत घेतो ती झोप. सबब ही झोप अन्यत्र किती किमतीस मिळते, ते पाहावे.

कॅनडाच्या सस्काचेवान प्रांताचे उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे येणारी बरीच मसूर तेथे पिकते. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, आणि त्या प्रांतात ते उन्हाळ्यातही पुढे सरकवीत नाहीत. अर्थात आपली मध्यरात्र म्हणजे तेथील दुपारचा साडेबाराचा सुमार. ज्या वेळी समोरचा माणूस ताजातवाना होऊन कराराचा मसुदा पुढे सरकवितो, त्या वेळी आपले शरीर बेळगावात गाढ झोपलेले असते. करारात मालाची प्रत, ओलाव्याचे प्रमाण, फुटीची मर्यादा, माल चढविण्याची मुदत, यांतील एकेक शब्द पैशाचा असतो. वीस फुटी कंटेनरात कडधान्य सुमारे चोवीस टन मावते. दहा कंटेनरांचा सौदा असेल तर दोनशे चाळीस टन, आणि किलोमागे एक रुपयाचा फेर म्हणजे दोन लाख चाळीस हजार रुपये. समजा, दोन्ही वर्गांच्या भाड्यांतील फरकही तेवढाच आहे. तर अशा सौद्यास उतरताच बसावयाचे असल्यास बिझनेस वर्गाचे भाडे ही चैन म्हणता येणार नाही.

परंतु सौदा दोनच कंटेनरांचा असेल, किंवा नुसती ओळख करून घेण्यासाठी जाणे असेल, तर हिशेब उलटतो. इकॉनॉमीने दोन दिवस आधी जावे, साध्या हॉटेलात खोली घ्यावी, आणि जमिनीवरच्या पलंगावर निजावे. ही झोप पुष्कळ स्वस्त पडते व अधिक चांगली लागते. भागीदारीच्या पेढीत तर हा विचार अवश्य व्हावा. एका भागीदाराच्या पाठीची किंमत दुसऱ्याच्या खात्यातून जात असते, आणि घरगुती पेढ्यांत यावरून उमटलेली कटुता मी पाहिली आहे. जाण्यापूर्वीच वर्ग कोणता व का, हे एकमेकांत बोलून ठरवावे. 'प्रीमियम इकॉनॉमी' म्हणून जो मधला प्रकार आहे, त्यात पाय लांबविता येतात, पण पाठ आडवी होत नाही. दिवसाच्या प्रवासास तो पुरेसा आहे.

यावरून आणखी एक मुद्दा निघतो : भाडे द्यावयाचे ते कोणत्या टप्प्यासाठी? मुंबईहून आखाती देशांत पोहोचण्यास तीन-साडेतीन तास लागतात. ही विमाने पुष्कळदा मध्यरात्रीनंतर सुटतात. डोळा लागतो न लागतो तोच उतरण्याची सूचना होते, आणि पुढील तेरा-चौदा तासांचा टप्पा भर दिवसा येतो. याउलट थेट जाणाऱ्या अथवा युरोपात एकदाच थांबणाऱ्या विमानात सलग सात-आठ तास मिळू शकतात. युरोपातल्या युरोपात मात्र 'बिझनेस' म्हणून बहुधा इकॉनॉमीचीच खुर्ची देऊन शेजारची जागा रिकामी ठेवतात, हे माहीत असावे. प्रवासाचे तासही जुन्या माहितीवरून धरू नयेत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा पश्चिमेकडील अनेक फेऱ्या लांबल्या व काहींना इंधनासाठी वाटेत उतरावे लागले. जाताना बिझनेस व येताना इकॉनॉमी असे तिकीटही काढता येते. मी तसेच काढतो. घरी परतल्यावर झोपण्यास कोणाची मनाई नाही.

भोजनाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. बिझनेस वर्गात भोजन उत्तम मिळते, या समजुतीवर विसंबून काहीजण आगाऊ सूचना देत नाहीत; पुढ्यात येते ती कांदा-लसणाची भाजी किंवा नुसती फळे. जैन भोजनास विमान कंपन्यांत व्ही.जे.एम.एल. ही स्वतंत्र खूण आहे. ए.व्ही.एम.एल. म्हणजे भारतीय पद्धतीचे शाकाहारी भोजन, त्यात कंदमुळे असू शकतात. आपली खूण किमान दोन दिवस आधी नोंदवावी, प्रत्येक टप्प्यास नोंदली गेली की नाही ते पाहावे, आणि परतीच्या प्रवासाची नोंद विशेष आग्रहाने तपासावी, कारण ते अन्न परदेशातील स्वयंपाकघरातून येते. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांची अडचण निराळी. पहाटे तीन वाजता ताट पुढे आले तर काय करावे? कतार एअरवेजसारख्या काही कंपन्या या वर्गात उतारूच्या सोयीच्या वेळी भोजन देतात. विमानात चढताच सेविकेस सांगून ठेवावे. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबत जातो, खिडकीबाहेर ऊन आणि घरच्या घड्याळात रात्र असते. तेथे कोणते घड्याळ प्रमाण मानावे, हे ज्याने त्याने आपल्या वडीलधाऱ्यांस विचारून ठरवावे. दशमी व खाखरे जवळ असलेले बरे.

पाय लांब झाले म्हणजे प्रकृतीची चिंता मिटली, असेही समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून अधिक वेळ निश्चल बसून केलेल्या प्रवासाने शिरेत रक्ताची गाठ होण्याचा संभव सुमारे दुप्पट होतो; निरोगी माणसात तो मुळात फार अल्प असतो, एवढेच. कारण न हलणे हे आहे, वर्ग नव्हे. म्हणून मधून मधून उठून फिरावे, पाणी प्यावे, आणि ज्यांस हृदयविकार वा पूर्वी अशी गाठ झालेली आहे त्यांनी डॉक्टरांस विचारूनच निघावे.

तिकिटाच्या अटी वाचाव्यात. या वर्गातही स्वस्त भाड्यांवर तारीख बदलण्यास दंड असतो, काहींवर पैसे परत मिळत नाहीत; आणि व्यापारी कामात एक दिवस अधिक लागणे ही नित्याची गोष्ट आहे. बेळगावहून मुंबई, बंगळूर अथवा गोव्यास स्वतंत्र तिकिटाने जाऊन पुढचे विमान धरणार असाल, तर पहिला टप्पा उशिरा पोहोचल्याची जबाबदारी पुढील कंपनीवर राहत नाही. एकाच तिकिटात सर्व टप्पे असावेत. ते शक्य नसल्यास आदल्या दिवशीच निघावे.

शेवटी कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीखेरीज अन्य वर्गांच्या तिकिटांवरील जी.एस.टी. १२ वरून १८ टक्के झाला. इकॉनॉमीवर तो ५ टक्के आहे. प्रवास पेढीच्या कामाचा असेल तर या कराची वजावट मागता येते. मात्र त्यासाठी पेढीचा जी.एस.टी. क्रमांक व नोंदणीतील नाव तिकीट काढतानाच द्यावे लागते. कंपनीचे करबीजक निराळे मागवून घ्यावे. तिकीट काढून देणाऱ्याने दिलेली पावती म्हणजे ते बीजक नव्हे.