वचन मराठीत वाचताना शंकेखोराला काय सांगावे?



या पाठात नेहमीप्रमाणे एक वचन घेऊन त्याचे पदशः विवरण करावयाचे नाही. त्याच्या आधीचा एक प्रश्न सोडवावयाचा आहे, आणि तो गोव्यात, विशेषतः पेडणे व डिचोलीच्या बाजूला राहणाऱ्या वाचकांना अधिक जवळचा आहे. तिकडे घरातले बोलणे कोकणीत, पोथी मराठीत, आणि ज्या वचनांवर आपली श्रद्धा ती मुळात कानडीत. अशा घरात महाविद्यालयात जाणारा मुलगा एखाद्या सोमवारी पठण चालू असता विचारतो, "अप्पा, तुम्ही वाचता हे शब्द बसवण्णांचे की भाषांतर करणाऱ्याचे? आणि मूळ तरी त्यांचेच कशावरून?" यावर आपण बहुधा रागावतो, किंवा 'श्रद्धा असेल तर कळेल' असे म्हणून पुस्तक मिटतो. मुलगा गप्प बसतो, पण त्याची शंका तशीच राहते. खरे पाहता त्याने दोन निरनिराळे प्रश्न विचारले आहेत. दोहोंनाही माहितीने उत्तर देता येते, आणि ते देण्यात अधर्म काही नाही.

दुसरा प्रश्न आधी घेऊ. मूळ वचने शरणांचीच कशावरून? बाराव्या शतकात, कल्याण येथे बिज्जळाची सत्ता असताना शरणांनी वचने रचली. कल्याणच्या उलथापालथीनंतर शरण पांगले. ताडपत्रांवर उतरलेली वचने पुढे सुमारे अडीचशे वर्षांनी, विजयनगरच्या प्रौढ देवरायाच्या काळात आणि त्यानंतर, विद्वानांनी गोळा करून लावली. अल्लमप्रभू, बसवण्णा, चेन्नबसवण्णा, अक्कमहादेवी यांचे अनुभव मंटपातील संवाद आपण ज्या ग्रंथामुळे जाणतो, तो 'शून्यसंपादने' याच पंधराव्या शतकातला. शिवगणप्रसादी महादेवय्यांनी तो प्रथम सिद्ध केला. नंतर इतरांनी त्याला नवी रूपे दिली, त्यांत गूळूर सिद्धवीरण्णांचे रूप विशेष प्रसिद्ध आहे. त्यातील वचने शरणांची म्हणून परंपरेने आलेली आहेत. परंतु कोणी कोणाला कोणत्या क्षणी कोणते उत्तर दिले ही मांडणी, आणि दोन वचनांना जोडणारे गद्य, हे संपादकांचे आहे. मंटपात बसून कोणा लेखनिकाने टिपून ठेवलेला तो वृत्तांत नव्हे. ही गोष्ट आपण होऊन मुलाला सांगावी. ती त्याला दुसऱ्याकडून कळली तर अप्पांनी आपल्यापासून लपवले असे त्याला वाटेल, आणि त्याचे तसे वाटणे चूक म्हणता येणार नाही.

छापील वचनांचा इतिहास तर कालपरवाचा आहे. विजापूरच्या फ. गु. हळकट्टींनी गावोगावची ताडपत्रे जमवून 'वचनशास्त्रसार'चा पहिला भाग १९२३ साली छापला. कर्नाटक सरकारने वचनांचे पंधरा खंड डॉ. एम. एम. कलबुर्गी यांच्या प्रधान संपादकत्वाखाली १९९३ साली काढले. पोथ्या ताडून पाहण्याचे हे काम झाले म्हणूनच कोणते वचन कोणाचे हे आज पूर्वीपेक्षा नेमके सांगता येते. एक उदाहरण देतो. कायक आणि कैलास यांना जोडणारे ते सुप्रसिद्ध वाक्य आपण बसवण्णांचे म्हणून मंडपाच्या कमानीवर लिहितो. ते येते आयदक्की मारय्यांच्या वचनात. वाटेवर सांडलेले तांदळाचे दाणे वेचून दासोह करणारे हे शरण. एके दिवशी ते नेहमीपेक्षा अधिक दाणे घेऊन आले, तेव्हा पत्नी लक्कम्मांनी त्यांना बोल लावला आणि जास्तीचे परत टाकून यायला सांगितले. कमानीवर मारय्यांचे नाव लिहिल्याने बसवण्णांचे काही उणे होत नाही. उलट एका दाणे वेचणाऱ्याला त्याचे श्रेय मिळते. आणि ही दुरुस्ती बहुधा असल्या चौकस मुलाकडूनच होते, हेही खरे!

आता पहिला प्रश्न: भाषांतरात वचन उरते का?

जगातील सर्व धर्म याचे उत्तर एकसारखे देत नाहीत. कुराणाचे भाषांतर म्हणजे केवळ त्याचा अर्थ, कुराण नव्हे, असे मुसलमान मानतात. वैदिकांच्या दृष्टीने मंत्राचा स्वरही बदलून चालत नाही. ख्रिस्ती मंडळींनी मात्र भाषांतरालाच शास्त्र मानले. येशूची बोली आरामी, शुभवर्तमाने लिहिली गेली ग्रीकमध्ये, शतकानुशतके मिस्सा चालली लॅटिनमध्ये, आणि १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तुमच्या शेजारच्या बारदेशात ती कोकणीत होऊ लागली. शरणांचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. त्यांनी संस्कृत बाजूला ठेवून लोकांची भाषा हेतुपुरस्सर निवडली. तेव्हा दुसऱ्या लोकांच्या भाषेत ती वचने आणणे त्यांच्या विचाराला धरूनच आहे. मात्र आणताना काय सांडते हे उघड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

बसवण्णांची अंकितमुद्रा पाहा. 'कूडलसंगमदेव' हे नाव पेडण्यात उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात पलीकडचे कुडाळ गाव उभे राहते. त्याचा येथे काहीही संबंध नाही. कानडीत 'कूडल' म्हणजे नद्या एकत्र मिळण्याची जागा. कृष्णा आणि मलप्रभा जेथे मिळतात तेथील देव तो कूडलसंगमदेव. ए. के. रामानुजन यांनी १९७३ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात नावाऐवजी या अर्थाचेच भाषांतर केले. अक्कमहादेवींच्या 'चेन्नमल्लिकार्जुन' या मुद्रिकेतही त्यांनी मोगऱ्याचा शुभ्रपणा आणला. इंग्रजी वाचकाला त्यामुळे सौंदर्य मिळाले. पण ज्या नावाने भक्त हाक मारतो ते नाव गेले, अशी टीकाही झाली. मराठीत आपल्याला ही अडचण नाही. नाव आहे तसे ठेवावे आणि अर्थ खाली द्यावा. तीच गोष्ट अल्लमप्रभूंच्या 'गुहेश्वरा'ची. हरवळ्याची लेणी व त्यांतील लिंगे पाहिलेल्या डिचोलीकराला तो शब्द चटकन आपला वाटेल. वाटू द्यावा, फक्त अल्लमप्रभू हरवळ्याला आले होते असे कोणी सांगू लागले तर पुरावा विचारावा.

अधिक घोटाळा ओळखीच्या शब्दांनी होतो. 'स्थावर' आणि 'जंगम' हे दोन शब्द कानडी वचनात आहेत आणि मराठीतही आहेत, म्हणून भाषांतरकार ते तसेच ठेवतो. पण मराठी माणूस हे शब्द ऐकतो ते वाटणीपत्रात आणि तलाठ्याकडे. घर-जमीन ती स्थावर, दागदागिने-भांडी ती जंगम. शिवाय 'जंगम' म्हटले की पौरोहित्य करणारा समाजही डोळ्यांपुढे येतो. उभे राहिलेले देवालय पडते आणि चालता-बोलता देह हेच देवालय, हा बसवण्णांच्या त्या वचनाचा आशय; तो यात कुठेतरी बाजूला पडतो. शब्द एकच असून अर्थ निसटला. परक्या शब्दाचा अर्थ आपण विचारतो तरी, ओळखीच्या शब्दाचा विचारीत नाही.

हे वचन डिचोलीकराने नार्वे येथे उभे राहून वाचून पाहावे. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर; त्यांच्या नाण्यांवर त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख असे. बसवण्णा कल्याणात असताना गोव्यावर शिवचित्त पेर्माडिदेव हा कदंब राजा राज्य करीत होता. सप्तकोटीश्वराचे मूळ देवालय दिवाडी बेटावर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले, तेव्हा लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेण्यात आले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथे देवालय उभारविले, आणि जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. शंकेखोर म्हणेल, "पाहा, देवाला स्वतःचे देऊळ वाचवता आले नाही." भाविक म्हणेल, "पाहा, देऊळ पडले तरी देव राहिला." दोघेही एकाच घटनेवर बोट ठेवून बोलत आहेत. बसवण्णांचे वचन मात्र या भांडणात पडतच नाही. दगड पडणारच हे त्यांनी आधीच धरून ठेवले आहे.

धर्मग्रंथांच्या भाषांतरावरून वाद झडण्याला गोव्यात मोठा इतिहास आहे. सोळाव्या शतकात जेजुइट पाद्र्यांनी हिंदूंच्या पोथ्या मिळवल्या, काही पोर्तुगीजमध्ये उतरवल्या, काही रोमन लिपीत लिहून घेतल्या. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारताच्या कथांची अशी कोकणी-मराठी हस्तलिखिते आहेत. हेतू मुख्यतः खंडनाचा होता. फ्रेंच पाद्री एत्येन द ला क्रुआ याने सतराव्या शतकात मराठीत सेंट पीटरवर जे पुराण रचले, त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच हिंदू धर्मातील 'चुकांचे' खंडन करीत असल्याचे म्हटले आहे. ज्याला केवळ जिंकायचे असते तो दुसऱ्याचा ग्रंथ बारकाईने वाचतो, परंतु त्यातले दोषच उचलतो. गंमत अशी की, जाळपोळीच्या त्या काळात काही कथा टिकल्या त्या या खंडनकर्त्यांच्याच वह्यांत.

इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी निराळी वाट धरली. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली सासष्टीत रायतूर येथे रोमन अक्षरांत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि भाषा मराठी. लोक घरी कोकणी बोलत, पण पुराण ऐकायचे ते मराठीत ही त्यांची सवय स्टीफन्सनी ओळखली. स्वर्गाला त्यांनी 'वैकुंठ' म्हटले. ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण उभा राहून विचारतो की, आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न स्टीफन्सनी झाकला नाही, त्यालाच ग्रंथाचे निमित्त केले. धर्मांतरामागे राजसत्तेची सक्ती होती हे विसरता येत नाही. १५६० पासून तेथे इन्क्विझिशन होतेच. पुढे २७ जून १६८४ च्या हुकुमाने लोकांनी तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्माविले गेले.

पेडणे आणि डिचोली तेव्हा या सत्तेखाली नव्हते. ते नव्या काबिजादीतले. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले. तोवर जुना जोर ओसरला होता. म्हणून तिकडची देवळे आणि मराठी पोथीवाचन टिकले. शेजारच्या बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये यांची रचना याच मराठीतली. पेडणे तालुक्यातील विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. तुम्हाला मराठी वचन जड जात नाही त्यामागे हा सारा इतिहास आहे.

परक्यांचे एवढे सांगितले, आता घरचे सांगितले पाहिजे. वचनांच्या शब्दांना हात लावण्याचे काम शंकेखोरांनीच केले असे नाही, ते श्रद्धावंतांनीही केले. माते महादेवी यांनी 'बसव वचन दीप्ति' या आपल्या ग्रंथात बसवण्णांच्या वचनांतील 'कूडलसंगमदेव' ही मुद्रिका काढून 'लिंगदेव' घातली. कर्नाटक सरकारने १९९८ साली त्या ग्रंथावर बंदी घातली, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उठविण्यास नकार दिला. मुद्रिका बदलणे मला मान्य नाही. वचन कोणाचे हे ओळखण्याची ती खूण आहे. ती बदलली तर मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला आपल्या हाती काय राहिले? पण ग्रंथावर बंदी घालून काय साधले हेही मला उमगत नाही. चूक दाखवून देणारी चार पाने छापली असती तर वाचकाला अधिक कळले असते.

दुसरी गोष्ट याहून दुःखाची. याच कलबुर्गींनी 'मार्ग' या ग्रंथात चेन्नबसवण्णा व नीलांबिका यांच्याविषयी जे संशोधन मांडले, त्यावरून समाजात क्षोभ झाला आणि १९८९ साली त्यांना ते मागे घ्यावे लागले. पुढे त्यांनी त्या माघारीला स्वतःचा बौद्धिक आत्मघात म्हटले. ज्यांच्या निष्कर्षांनी आपण दुखावलो त्यांनीच चार वर्षांनी वचनांचे पंधरा खंड आपल्या हाती दिले. बेंगळुरूच्या बसव समितीने निवडक अडीच हजार वचने मराठीसह अनेक भाषांत आणली, त्याचेही प्रधान संपादक तेच. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला राहत्या घरी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांचे नीलांबिकांविषयीचे म्हणणे चूक होते असे ज्यांना वाटते, त्यांच्याकडे आता विचारायला माणूसच नाही.

आणखी एक शंकेखोर उरतो. त्याला पोथीशी देणेघेणे नाही; तो म्हणतो, देवच नाही. येथे भाविकाने एक पथ्य पाळावे. वचन आठशे वर्षांचे जुने आहे, अनेक भाषांत गेले आहे, यावरून देव सिद्ध होत नाही. तसा युक्तिवाद करू नये. आणि त्यानेही ध्यानी घ्यावे की, शून्यसंपादनेची मांडणी संपादकांची निघाली, एखादे वचन दुसऱ्या शरणाचे निघाले, म्हणून इष्टलिंग तळहातावर घेऊन बसणाऱ्याचा अनुभव खोटा ठरत नाही. पोथीचा वाद पोथीने सुटतो. दुसरा वाद पोथीच्या कक्षेत येतच नाही, आणि दोन्ही एकत्र कालवले की घरात फक्त आवाज चढतात.

पुढील पाठासाठी स्थावर-जंगमाचे तेच वचन घेणार आहोत. त्याची दोन मराठी भाषांतरे मिळवून शेजारी ठेवा. कानडी मूळ देवनागरीत उतरवून घ्या. डिचोली, म्हापशाच्या बाजारात कानडी बोलणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यापैकी कोणाकडून उच्चार एकदा ऐकून घ्या. मग दोन भाषांतरांत कोठे कोठे फरक पडला त्याची यादी करा, आणि यादी करण्याचे काम घरातल्या त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे द्या.