अनुस्फुरण प्रतिमांकन आणि स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया

संपूर्ण स्तन न काढता केवळ कर्करोगाची गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी ऊती काढण्याच्या शस्त्रक्रियेस लम्पेक्टॉमी म्हणतात. इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी व अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी हाती घेतलेल्या चाचण्यांचे 20 वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. किरणोपचाराची जोड दिल्यास प्राथमिक अवस्थेतील रुग्णांच्या आयुर्मानात दोन्ही पद्धतींमुळे फरक पडत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

अडचण आहे ती कडांची. काढलेल्या गाठीच्या कडेवर कर्कपेशी आहेत काय, याचा विकृतिशास्त्रज्ञाचा अहवाल बहुधा काही दिवसांनी येतो. त्या आढळल्यास दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. पाश्चात्त्य देशांत साधारणतः पाचांपैकी एका स्त्रीवर ही वेळ येते. पुन्हा भूल, पुन्हा रजा, सोबतच्या नातलगाचा बुडालेला रोजगार. यांपैकी फारच थोडा खर्च रुग्णालयाच्या बिलात दिसतो.

यावर उपाय म्हणून पेग्युलिसियानिन या द्रव्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल 2024 मध्ये मान्यता दिली. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणे म्हणजे अनुस्फुरण. या रेणूत चमकणारा रंग आणि ती चमक दाबून ठेवणारा घटक एका पेप्टाइडने जोडलेले असतात. अर्बुदात कॅथेप्सिनसारखी विकरे अधिक सक्रिय असतात. ती पेप्टाइड तोडतात आणि रंग मोकळा होऊन चमकू लागतो. प्रतिमा घेण्यापूर्वी 2 ते 6 तास हे द्रव्य शिरेतून देतात. मुख्य गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत हातात धरण्याजोगा कॅमेरा फिरवून चमकणारा भाग शोधतात व तेवढाच आणखी काढतात.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत 357 स्त्रियांवर या पद्धतीने शस्त्रक्रिया झाली. विशिष्टता सुमारे 85 टक्के, तर संवेदनशीलता सुमारे 49 टक्के आढळली. परीक्षार्थींची येथे नेहमी गल्लत होते. संवेदनशीलता म्हणजे जेथे रोग खरोखर आहे तेथे चाचणीने तो दाखवण्याचे प्रमाण. विशिष्टता म्हणजे जेथे रोग नाही तेथे तो न दाखवण्याचे. म्हणजे कर्करोग असलेल्या निम्म्या जागा चमकल्याच नाहीत. साहजिकच विकृतिशास्त्रज्ञाचा अहवाल आजही अनिवार्य आहे. शिवाय तीव्र अॅलर्जीच्या धोक्याचा ठळक इशारा औषधासोबत द्यावा लागतो.

27 स्त्रियांमध्ये, म्हणजे 13 पैकी साधारण एकीत, नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेला कर्करोग या प्रकाशामुळे सापडला. त्यामुळे पुढे रोग उलटण्याचे प्रमाण घटते काय, हे ठरवणे मात्र या चाचणीचे उद्दिष्ट नव्हते. दुसरी शस्त्रक्रिया टळली ती 9 जणींची. 357 ला 9 ने भागल्यास उत्तर येते सुमारे 40. अर्थशास्त्राच्या दृष्टीने माझ्या मते हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण एक फेरशस्त्रक्रिया टाळण्यासाठी 40 स्त्रियांना औषध द्यावे लागते.

अमेरिकेत शस्त्रक्रिया अतिशय महाग असल्याने हे गणित तेथे कदाचित जुळेल. भारतात 2022 मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक अंदाज आहे. त्यांपैकी अनेक जणी इतक्या उशिरा येतात की संपूर्ण स्तन काढावा लागतो, आणि लम्पेक्टॉमीच्या पोकळीत फिरवायच्या या कॅमेऱ्याचा त्यांना उपयोग नाही. वेळेवर निदान होणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढेल, तेव्हाच असे उपकरण घेणाऱ्या रुग्णालयाचा दर शस्त्रक्रियेमागील खर्च आवाक्यात येऊ शकेल.