स्तनाच्या कर्करोगानंतर सोयाबीन खावे काय?

माळव्यात सोयाबीन हे आपले घरचे पीक. पाऊस लागला की पेरावे, दसऱ्याच्या सुमारास काढावे आणि पोती मंडीत न्यावी, हा आपला नित्याचा क्रम. थोडे घरीही ठेवतो, पिठात मिसळायला किंवा उसळीला. पण घरातील एखादी माताभगिनी स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेऊन परत आली की शेजारीपाजारी सांगू लागतात, "हिला सोयाबीन देऊ नका, दुखणे उलटेल." घरची माणसे घाबरतात. उपचारांनी अंगातील शक्ती गेलेली, डाळी महाग, आणि कोठीतले भरपूर प्रथिनांचे धान्य तेवढे तिच्या ताटातून वगळलेले! म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करू या.

ही भीती अगदीच निराधार नव्हती. स्तनाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकावर वाढतात. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्ये असतात व त्यांची घडण इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असते. १९९० च्या दशकात मानवी कर्करोगाच्या पेशी घातलेल्या उंदरांना यांपैकी एक द्रव्य खाऊ घातले, तेव्हा गाठी वाढल्या. त्यामुळे डॉक्टर सावध झाले, ते योग्यच होते.

परंतु उंदीर आणि बाई यांत फरक आहे. उंदराच्या शरीरात या द्रव्यांची वासलात निराळ्या रीतीने लागते. शिवाय ही द्रव्ये इस्ट्रोजेनच्या मानाने फारच दुबळी असतात. मिळतीजुळती किल्ली कुलपात शिरते पण कुलूप पुरते उघडत नाही, उलट खऱ्या किल्लीची वाट अडवते. काहीसे तसेच येथे घडते.

मग प्रत्यक्ष स्त्रियांचा अनुभव काय? चीनमधील शांघाय शहरात हा रोग झालेल्या ५,०४२ स्त्रियांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. सर्वांत कमी सोया खाणाऱ्यांत चार वर्षांत शंभरांपैकी सुमारे ११ जणींना रोग पुन्हा झाला. सर्वांत जास्त खाणाऱ्यांत ८ जणींना. मृत्यूचे प्रमाणही जास्त खाणाऱ्यांत कमी होते. २०१२ साली चीन व अमेरिकेतील मिळून ९,५१४ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली, तीतही सोया खाल्ल्याने अपाय झाल्याचे दिसले नाही.

यावरून सोयाबीन हे कर्करोगाचे औषध आहे असे मात्र कोणी समजू नये. सोया खाणाऱ्या स्त्रियांच्या इतर सवयीही चांगल्या असू शकतात. आम्ही एवढेच म्हणतो की, नेहमीच्या जेवणातील सोयाबीन या भगिनींना वर्ज्य नाही. पुढील गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात.

१. प्रमाण : दिवसाला कोरडे २५ ग्रॅम, म्हणजे लहानशी मूठभर सोयाबीन पुरे. त्यातून सुमारे ९ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याऐवजी सोयाबीनच्या वड्यांची भाजी किंवा पेलाभर सोयादूध चालेल.

२. शिजवणे : कच्चे सोयाबीन खाऊ नये. त्यात प्रथिने पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेने बराचसा नाहीसा होतो. उसळीसाठी दाणे रात्रभर भिजवून नीट शिजवावेत. पिठासाठी ते उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवून, कडकडीत वाळवून मग दळावेत. दहा किलो गव्हाला एक किलो सोयाबीन हे प्रमाण बरे.

३. गोळ्या नकोत : बाजारात आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या व पावडरी मिळतात. त्यांत हे द्रव्य एकवटलेले असते. वर सांगितलेला दिलासा अन्नाला लागू आहे, गोळ्यांना नाही. डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत.

४. औषध सोडू नये : कित्येकींना टॅमॉक्सिफेन किंवा तशीच दुसरी गोळी पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक घ्यावी लागते. शांघायच्या पाहणीत टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियाही होत्या, आणि सोया खाल्ल्याने त्यांचे नुकसान झालेले दिसले नाही. पण सोयाबीन खातो म्हणून गोळी बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

५. थायरॉइडची गोळी : ती चालू असल्यास गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर गोळी अंगी नीट लागत नाही. याबाबतही डॉक्टरांना सांगून ठेवावे.

सोयाबीनच्या तेलात ही द्रव्ये जवळजवळ नसतातच, तेव्हा त्याची चिंता नको. सोयाबीन खाऊन पोट बिघडत असेल किंवा अंगावर पित्त उठत असेल तर ते सोडावे. प्रथिनांसाठी डाळी, अंडी, दूध, मासळी आहेतच.

पुढच्या तपासणीला जाताना घरात काय शिजते ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. भीतीपोटी ताटातले धान्य काढू नये, आणि धान्याच्या भरवशावर हातातली गोळी सोडू नये.