डिझायनरशी जमवून घे, बाळा

वेब प्रोग्रामर झालास, पेढे खाल्ले, आता ऐक. बायको कधी मिळायची तेव्हा मिळेल. पण शेजारच्या टेबलावरच्या डिझायनरशी तुझा संसार सोमवारपासूनच सुरू झालाय. मामाचे चार शब्द गाठीला बांध, चाराचे थोडे जास्त झाले तर चालवून घे.

१. डिझाइन साहेबांकडे मंजुरीला जायच्या आधी तिच्या स्क्रीनसमोर जाऊन बस — साहेबांनी 'वा' म्हटल्यावर काढलेली खोट तुझीच ठरते. वेळेवर विचारली ती शंका, उशिरा विचारली ती कुरापत.

२. 'हे होणार नाही' असं तोंडावर म्हणू नकोस, 'होईल, पण दोन दिवस जास्त लागतील' असं म्हण — खर्च कळला की ती स्वतःच साधा मार्ग निवडते.

३. डिझाइनमध्ये नावं नेहमी आखूड, फोटो सुंदर आणि यादीत नेमक्या सहा वस्तू असतात. यादी रिकामी असली, नेट गेलं, पिनकोड चुकला, नाव दोन ओळींचं निघालं तर काय दिसायचं, तेही फिग्मात मागून घे — नाहीतर रात्री अकराला ते तू ठरवशील, आणि तुझी रंगांची आवड मला ठाऊक आहे.

४. साइट मराठी असेल तर डिझाइनमध्ये मजकूरही खरा मराठीच माग — 'लॉरेम इप्सम'ला ना वेलांटी असते, ना रफार. इंग्रजी मथळ्याला १.२ पट ओळ-उंची पुरते. मराठीत तेवढ्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो.

५. इंग्रजी मथळ्यात अक्षरं सुटी-सुटी ठेवायची तिला हौस असेल, ठेवू दे. देवनागरीत मात्र ते अंतर शून्यच ठेव — नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

६. एचटीएमएलमध्ये पानाची भाषा 'एमआर' अशी नोंदव — नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' असतात, पण भाषा सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. एवढी एक ओळ राहिली की ती म्हणते 'माझा ल बदललास', तू म्हणतोस 'फॉन्ट तोच आहे', आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असता.

७. छापखान्याकडून मजकूर आला तर तो युनिकोडमध्ये आहे ना, ते आधी बघ — जुन्या डीटीपी फॉन्टातलं मराठी तिच्या मशीनवर झकास दिसतं आणि ब्राउझरमध्ये त्याची रोमन अक्षरांची भेळ होते.

८. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं आली तर 'मला आवडलं नाही' म्हणू नकोस. सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट सांगितलाय, तो मोजून दाखव — आवडीला तोंडं दोन, आकड्याला एक. (आणि ती अक्षरं मला खरंच दिसत नाहीत, हेही सांग.)

९. ती १४४० पिक्सेल रुंदीवर काढते, आणि वाचणारा एसटी स्टँडवर ३६० रुंदीच्या फोनवर, उन्हात बघतो. ईथन मार्कॉटनं रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची कल्पना २०१० मध्ये मांडली, तरी 'मधल्या रुंदीला काय?' हे अजून विचारावंच लागतं — मधल्या रुंदीला घरात कोणी वाली नसतो.

१०. तिनं १६ पिक्सेल म्हटलं तर १६च दे, '१४नं काय बिघडतं' म्हणू नकोस — 'एक सेमीकोलनच तर राहिलाय' असं तुला कोणी म्हटलं तर कसा उसळशील!

११. फॉन्टचा परवाना वेबसाठी आहे का, ते पहिल्याच दिवशी विचार — कॉम्प्युटरवर वापरायचा परवाना साइटवर चालेलच असं नसतं.

१२. काम निम्मं झालं की तिला बोलावून दाखव, ओबडधोबड असलं तरी — अर्धं दाखवील तो निम्मं वाचवील.

१३. साइट चढवायच्या आधी ती तिला तिच्याच फोनवर उघडू दे, आणि तेवढा वेळ मागे उभा राहून 'ते अजून व्हायचंय' म्हणू नकोस — जे व्हायचंय त्याचीच ती यादी करत असते. तू चहा सांगून ये, तिचा बिनसाखरेचा.